संगणकावरचे गाणे आणि आमची मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



हातात माईक घेऊन बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात मला सांगितले की, उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मंडळाच्या खोलीत मुलांचा जो संगणकावर संगीत करण्याचा वर्ग चालतो, त्याविषयी तुम्हीच बोला. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी पुढे शाळाच नव्हती. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "खोलीची किल्ली तुमच्याकडे असते ना? मग तुम्ही जेवढे पाहिले तेवढे कोणी पाहिले आहे?" हे मात्र खरे होते. म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

वर्ग कसा सुरू झाला ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच सेक्टरातल्या एका सभासद भगिनीची लेक ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेऊन घरी आली होती. तिने मंडळाला अर्ज केला की, मे महिन्यात दुपारची खोली द्या, मी आठवी-नववीच्या मुलांना फुकट शिकवीन. त्या दिवशीची सभा आपणांपैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. एक म्हणाली, "म्हणजे डीजेच की! आधीच हळदीच्या रात्री कान फुटायची वेळ येते, आता ते मंडळातच आणायचे काय?" दुसरी म्हणाली, "मुलांना गाणेच शिकवायचे तर वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे विद्यालय आहे, तिथे पाठवा, परीक्षा तरी होतील." मी गप्प बसले होते, पण मनातून मीही विरुद्धच होते. कारण सांगायला हरकत नाही. माझा धाकटा त्या वेळी नववीत होता आणि कानात ते बोंडूक घालून दिवसभर मान हलवीत बसे. वर्ग म्हणजे त्याला आणखी एक निमित्त, असे मला वाटले.

शेवटी एका महिन्यापुरती परवानगी मिळाली. अट अशी की, आवाज बाहेर जाता कामा नये, आणि मंडळाची एक बाई तिथे बसलीच पाहिजे. किल्ली माझ्याकडे, म्हणून ती बाई मीच. यजमान तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. ते पहाटे जातात, दुपारी मी मोकळी असते. लसूण सोलायला घेऊन मी कोपऱ्यात बसू लागले.

मुले बारा आली. संगणक तीन; त्यांतला एक कोणाच्या तरी कचेरीतून मोडीत निघालेला. पहिल्या दिवशी ताईने (वर्गात सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते) संगणक उघडलाच नाही. तिने सांगितले, "उद्या प्रत्येकाने घरातला एक आवाज घेऊन यायचा. गाणे नको, आवाज." दुसऱ्या दिवशी मुलांनी मोबाइलवर काय काय धरून आणले होते म्हणून सांगू! कुकरची शिट्टी, तव्यावरचा उलथना, आजीच्या बांगड्या, लिफ्टचे दार, नळाला पाणी येण्याआधी होणारी खरखर. एकाने जुईनगर स्टेशनाच्या पुलावर उभे राहून खालून जाणारी गाडी आणली होती. ते सगळे आवाज ताईने संगणकात घातले, आणि पडद्यावर प्रत्येकाचे चित्र उमटले. शिट्टीचा भला मोठा फुगवटा, बांगड्यांचे बारीक काटे, आणि जिथे कोणी काही बोलत नाही तिथे नुसती सरळ रेघ. ती रेघ पाहून मला गंमत वाटली. शांतता डोळ्यांनी दिसते, हे मला त्या दिवशी कळले.

आवाज संगणकात कसा जातो हे तिने मुलांना सांगितले ते मी ऐकत होते. संगणकाला आकडेच समजतात. म्हणून तो एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतो आणि लिहून ठेवतो. पुन्हा वाजवायचे म्हणजे तेच आकडे वाचायचे. मी मनात म्हटले, आमचा वाणीसुद्धा इतक्यांदा तराजू पाहात नाही.

दोन सॉफ्टवेअर ती वापरते. एकाचे नाव ऑडॅसिटी. हे २००० सालापासून लोकांना फुकट मिळते. त्यात आवाज मुद्रित करायचा, कापायचा, साफ करायचा. दुसरे एलएमएमएस, तेही फुकट. त्यात ठेका आणि सूर रचायचे. मोठ्या गावच्या मुलांकडे असतात तसली महागडी सॉफ्टवेअरे तिने आणू दिली नाहीत, आणि चोरून उतरवलेली तर नाहीतच. आपल्या शिरवणे-सानपाड्याच्या गावठाणांतली मुले बेंजोच्या गाण्यांचे रिमिक्स करतात ती बहुतेक एफएल स्टुडिओवर करतात, असे मुलांनीच सांगितले. त्या मुलांना कोणी शिकविलेले नसते. एकमेकांचे पाहून शिकतात, आणि हात काय चालतो त्यांचा! ताईने त्यांच्यातल्याच एकाला एक दिवस बोलावून मुलांना दाखवायला लावले. मला ते आवडले. डीजेवाला म्हणून आपण ज्याच्याकडे नाक मुरडतो, तो पोरगा येताना चपला दाराबाहेर व्यवस्थित काढून आला, आणि जाताना मला "येतो काकू" म्हणून गेला.

ठेक्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती मला स्वतःला समजली. पडद्यावर एका ओळीत सोळा चौकोन येतात. ज्या चौकोनावर टिचकी मारावी तो उजळतो, आणि तिथे ठोका पडतो. आपल्या वर्गात एक मुलगी तबला शिकणारी आहे. ती पाहताक्षणी म्हणाली, "ताई, हा तर तीनताल!" खरेच, सोळा मात्रा, आणि ते चौकोनही चार-चारांच्या रंगाने वेगळे केलेले असतात. पहिल्यावर सम, नवव्यावर खाली. मग तिने आपला तबला आणून एकेक बोल मुद्रित करून दिला आणि मुलांनी ते चौकोनांत भरले. दादऱ्याला सहा ठेवायचे, रूपकाला सात, झपतालाला दहा. सुरुवातीला ह्या संगणकाच्या खेळाचा आपल्या संगीताशी काय संबंध, असे मला वाटत होते, ते त्या दिवशी निम्मे गेले.

निम्मेच म्हणते, कारण तो ठेका ऐकायला बरोबर असला तरी कोरडा लागे. तबल्याच्या मुलीने स्वतः वाजविला की कान तिकडे वळत. यंत्राचा ऐकताना मी लसूण सोलतच राही. ताईने त्याचे कारण सांगितले. माणसाचा हात प्रत्येक ठोका सारख्या जोराने मारीत नाही आणि सारख्या क्षणी मारीत नाही. यंत्राला तसे सांगावे लागते. १९८३ साली मिडी नावाची एक सांकेतिक भाषा ठरली. तिच्यात आवाज नसतो, नुसता हुकूम असतो: अमुक सूर, अमुक वेळी, अमुक जोराने. जोराला १ पासून १२७ पर्यंत आकडे. पाककृती लिहिलेल्या कागदासारखे ते आहे. कागदाला वास नसतो, स्वयंपाक करणाऱ्याने करावा तेव्हा. मुले मग एकेका ठोक्याचा जोर कमी-जास्त करीत बसली. ह्यात दोन दुपारी गेल्या आणि गलका थोडाही झाला नाही, हे विशेष.

ह्याच सुमारास एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. संगणकासमोर नेहमी मुलगे. मुली पाठीमागे उभ्या, किंवा "तू गा" म्हणून माईकसमोर. कोणी मुद्दाम करीत नव्हते; आपोआप होत होते, जसे घरात पंगतीला होते. मी ताईला हळूच सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडचा स्वयंपाकघरातला घंटा वाजणारा टायमर मागून घेतला. दर दहा मिनिटांनी तो वाजला की खुर्ची बदलायची. माझ्या चिरंजीवांनी कुरकुर केली. पण चौथ्या दिवशी एक अबोल मुलगी खुर्चीवर बसली आणि तिने दहा मिनिटांत कुकरच्या शिट्टीचे आणि बांगड्यांचे असे काही जुळवून दाखविले की, टायमर वाजल्यावर तिला उठ म्हणायला कोणी तयार होईना.

"हे परके यंत्र आहे, आपले नव्हे," असे म्हणणाऱ्या भगिनींना ताईने एक गोष्ट सांगितली होती, ती इथेही सांगते. आपण भजनाला जी पेटी घेतो ती तरी कुठे आपली? ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी केली होती, कारण काय, तर तिच्यावर आपल्या गळ्यातले सूर निघत नाहीत. आणि ते अगदीच खोटे नव्हते. पेटीवर काय किंवा संगणकावर काय, सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. एकेका तुकड्याचे पुन्हा शंभर भाग धरले, तर तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा चौदा भागांनी खाली असतो. फरक एवढाच की, पेटीचा सूर जागचा हलविता येत नाही. संगणकावर तो त्या चौदा भागांनी खाली घेता येतो.

आणि परक्यांनी आपल्यासाठी काय केले तेही ऐका. बर्नार बेल नावाचे एक फ्रेंच गृहस्थ. त्यांनी १९८० च्या सुमारास तबल्याचे कायदे संगणकाला समजावेत म्हणून बोल प्रोसेसर नावाचे सॉफ्टवेअर केले. जेम्स किपेन हे लखनौचा तबला शिकलेले अभ्यासक त्यांच्या जोडीला होते. हेच बेल पुढे १९९० नंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या कामात आले. कोणते काम? खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे. एक लाखाहून अधिक ओव्या त्या मंडळींनी लिहून घेतल्या आणि पुष्कळशा गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकावयास मिळतात. ताईने त्यांतल्या दोन-तीन वर्गात लावल्या.

मी लसूण खाली ठेवला. माझी आई असेच गात असे. गावात गिरणी आली, जाते पडवीत पालथे पडले, आणि आईच्या ओव्या मी कधी लिहून घेतल्या नाहीत. मला लिहिता येत होते. तरी घेतल्या नाहीत.

पण घरी सासूबाई होत्या. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या आसपास. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटले, "आत्या, उद्या माझ्याबरोबर खोलीवर चला, मुलांना ओव्या ऐकवा." त्या म्हणाल्या, "जात्याबिगर कुटं वव्या असत्यात व्हय गं?" तरी आल्या. मुलांनी त्यांच्यासाठी पाटा-वरवंटा आणून ठेवला होता, कारण जाते कोणाच्याच घरी नव्हते! त्या खूप हसल्या. मग जमिनीवर बसून, डोळे मिटून, हाताने नुसतेच खुंटा फिरविल्यासारखे करीत गाऊ लागल्या. भर मे महिना, पंखे बंद, दारे-खिडक्या लावलेल्या, बारा मुले घामाने भिजलेली. पण कोणी हलले नाही. पाऊण तास त्या गात होत्या.

मुद्रित केलेले ऐकले तर मागे बारीक घूं-घूं येत होती. शेजारच्या दुकानातल्या फ्रीजची. ती काढण्याची रीत मला फार आवडली. जिथे कोणी गात नाही, नुसती घूं-घूं आहे, असा दोन सेकंदांचा तुकडा आधी सॉफ्टवेअरला दाखवायचा: हा खडा, ओळखून ठेव. मग तो सगळ्या तांदळातले तसले खडे वेचतो. मात्र हात जड झाला तर तांदूळही जातात. आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. मुलांनी पहिल्यांदा तसेच केले होते.

मग खरे भांडण सुरू झाले. मुलांना त्या ओव्यांना ठेका द्यायचा होता. एलएमएमएस उघडले की लय आपोआप मिनिटाला १४० ठोक्यांची असते. त्यावर सासूबाईंचा आवाज ठेवला, तो कुठेच बसेना. लय कमी केली, तरी नाही. कारण त्या एक ओळ सावकाश गात, दुसरी त्याहून सावकाश, मध्येच दम घेत. माझ्या चिरंजीवांनी आवाज कापून, ताणून, चौकोनांत बसविला आणि आजीला ऐकवायला घरी आणला. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "बाबा, जात्याला घाई केली तर पीठ जाडं येतंय."

तो रागावून दोन दिवस वर्गाला गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला आणि सगळे पुसून नव्याने करायला बसला. ह्या खेपेस आवाज जसाच्या तसा ठेवला आणि ठेका त्याच्यामागून नेला. प्रत्येक ओळीपाशी लयीचा आकडा बदलला. कुठे पन्नास, कुठे पंचेचाळीस. सासूबाईंचा षड्ज पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी होता. ताई म्हणाली, आजींना वर ओढायचे नाही, तंबोऱ्याला खाली आणायचे. तबल्याऐवजी त्या अबोल मुलीने पाट्यावर तांदूळ घासल्याचा आवाज दिला. आठ दिवसांत तीन मिनिटांचे गाणे तयार झाले.

आणि त्यातच ती एक ओवी होती. आपणांपैकी जुन्या सभासदांना ठाऊक आहे, माझ्या थोरल्या नणंदबाई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेल्या. सासूबाई त्यांचे नाव घरात घेत नसत. त्या दिवशी गाण्याच्या भरात ती ओवी त्यांच्या तोंडून आली. घरी आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, "ती येक काढून टाक. ती मंडळाची न्हवं." मी मुलाला सांगितले. तो म्हणाला, "आई, तीच तर सगळ्यांत चांगली आहे. तिच्यावरच गाणे उभे आहे." हेही खरे होते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. ताईसुद्धा काही बोलेना. दिवाळीच्या कार्यक्रमात ते गाणे लावायचे ठरले होते, आणि मुलगा म्हणाला, "आजीला ऐकू कमी येते, तिला कळणारही नाही."

मी त्याला मारले नाही, पण बोलले पुष्कळ. मग त्याला म्हटले, "ऊठ, मला दाखव, कसे कापतात." तो म्हणाला, "तुला नाही जमणार." मला जमले. ओवीची सुरुवात पडद्यावर ओळखता येते; आधी दम घेतल्याची लहानशी लाट असते. तिथे खूण करायची, शेवटी खूण करायची, आणि कात्री. दोनदा चुकले, परंतु त्या यंत्राची ही एक चांगली रीत आहे की, केलेले परत न-केलेले करता येते. माझ्या पहिल्या प्रयत्नात पुढच्या ओळीचे अर्धे अक्षर गेले होते, ते परत आणले. मुलगा मागे उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "आई, दम घेतलेला ठेव. तो काढला तर उडी मारल्यासारखे होते." म्हणून दम ठेवला आहे.

दिवाळीला आपण सर्वांनी ते गाणे ऐकले. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या जागेपाशी त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग पदर सारखा केला.

गेल्या माघात त्या गेल्या. मूळ पाऊण तासाचे मुद्रण एका पेनड्राइव्हवर माझ्या कपाटात आहे, त्यात ती ओवीही आहे. मुलगा आता बारावीला आहे. तो एकदा म्हणाला, "आता ठेवायला काय हरकत आहे?" मी अजून हो म्हटलेले नाही. आपणांपैकी कोणाला ह्यावर काही सांगायचे असेल तर मला घरी येऊन सांगा, सभेत नको.

वर्गाविषयी दोन-चार कामाच्या गोष्टी राहिल्या. येत्या सुटीत पुन्हा वर्ग आहे. सहावीच्या पुढची मुले-मुली घेतली जातील. हेडफोन ज्याचा त्याने आणावा, कारण आवाजाची अट कायम आहे. तशीही २००० सालच्या नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबलच्या वर जाता येत नाही, हे आपल्या गणपती मंडळांनाही कोणीतरी सांगावे. सिनेमाचे गाणे उचलून त्यात भर घालायची नाही, असा ताईचा दंडक आहे. पाच बायकांनीही नाव दिले आहे. त्यांना मी कापणे-जोडणे दाखवीन, पुढचे ताई दाखवील. आणखी एक. शिरवण्याच्या एक वयस्कर धवलारीण बाई आहेत, आगरी लग्नांतले धवले म्हणणाऱ्या. त्यांनी यायचे कबूल केले आहे. त्यांच्यासाठी मात्र शेजारच्या दुकानदाराला तासभर फ्रीज बंद ठेवायला सांगावे लागेल. हे काम अध्यक्षीणबाईंनी करावे, माझे तो ऐकत नाही.

आता ते तीन मिनिटांचे गाणे लावते. मध्ये एके ठिकाणी हार्बरची गाडी जाते. ती काढता येत होती, पण सासूबाई तिथे गाता गाता थांबल्या आहेत, गाडी जाऊ दिली आहे आणि मग पुढे गायल्या आहेत. म्हणून ठेवली.

पंखे तेवढे बंद करा.